अनेक साक्षी, एक निर्णय

गावठाणातील घराची भिंत कोणाची, हा वाद आपल्या भंडारा जिल्ह्याला नवा नाही. शेताच्या बांधाला कागद आहे, नकाशा आहे, सातबारा आहे. पण ज्या घरात माणूस जन्मतो आणि मरतो त्या घराला पुष्कळ गावांत कालपरवापर्यंत धड कागद नव्हता. याचे कारण इतिहासात आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, पुढे १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि जमाबंदीसाठी जमिनीची मोजणी सुरू झाली. जी जमीन सारा देते ती मोजावयाची, हे त्या मोजणीचे सूत्र होते. घरे सारा देत नव्हती. म्हणून वस्तीभोवती एक रेघ ओढली गेली आणि आतले सारे तसेच राहिले. १९५१ साली मालगुजारी गेली, जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि तेथून १९६० साली महाराष्ट्रात आला. ती रेघ मात्र होती तेथेच राहिली.

ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्या काळात आकाशातून होऊ लागले. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी प्रथम प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली. गावकऱ्यांनी आपापल्या घराभोवती चुन्याची फक्की टाकावयाची, वरून ड्रोन नावाच्या वैमानिकविरहित लहान विमानाने छायाचित्रे घ्यावयाची, आणि त्या छायाचित्रांवरून एकास पाचशे या प्रमाणाचा नकाशा तयार करावयाचा, अशी ही रीत. या प्रमाणात नकाशावरचे दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर होय. गावठाणात एक मीटर म्हणजे काय, हे श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. एक मीटरात संडास बसतो, एक मीटरात बैलगाडीची वाट अडते, आणि दोन भावांचे बोलणे बंद होण्यासही तेवढे पुरते.

तेव्हा प्रश्न असा की, हे आकाशातले यंत्र स्वतः कोठे आहे, हे त्याला कसे कळते? आणि त्याला जे कळते त्यावर आपण किती विश्वास ठेवावा? आज आम्ही याच प्रश्नाचा इतिहास मांडणार आहोत. विषय नवा दिसतो. पण त्याची मुळे आपल्याच भूमीत आणि बरीच खोल आहेत.

ड्रोनच्या पोटात एक साक्षीदार नसतो, पाच-सहा असतात. पहिला जायरोस्कोप, तो यंत्र किती वळले हे सांगतो. दुसरा वेगवृद्धी मोजणारा. त्याच्या मापांची बेरीज करीत गेले की वेग आणि अंतर निघते. तिसरे होकायंत्र. चौथा हवेचा दाब मोजणारा. तो उंची सांगतो. पाचवा उपग्रहांचे संकेत ऐकणारा, आणि सहावा खाली पाहणारा कॅमेरा. यांतला एकही संपूर्ण विश्वासार्ह नाही. वेगवृद्धी मोजणाऱ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या मापात दर सेकंदाला दर सेकंदी एक सेंटिमीटर एवढीच कायमची चूक असली, तर एका मिनिटात यंत्र आपली जागा १८ मीटर चुकवील आणि दहा मिनिटांत १८०० मीटर. चूक काळाच्या वर्गाने वाढत जाते. दाबमापकाचे म्हणाल तर, हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की त्याला वाटते आपण आठ-नऊ मीटर वर चढलो. आणि वळवाचा एक ढग तेवढा फरक सहज घडवून आणतो. उपग्रहाचा संकेत वीस हजार किलोमीटरांवरून येतो. त्यात काळाची चूक सेकंदाच्या दशलक्षांशाएवढी झाली, तर अंतर तीनशे मीटरांनी चुकते.

असे हे साक्षीदार. प्रत्येकजण थोडे खरे सांगतो आणि थोडे चुकीचे. त्यांच्या जबान्या एकत्र करून खऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ कसे जावे, ही विद्या म्हणजे आजचा आपला विषय. आणि येथेच आम्हाला इतिहासाकडे वळावेसे वाटते. कारण ही विद्या ड्रोनबरोबर जन्मली असे मुळीच नाही.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. पुढे कितीतरी पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगे याच ग्रंथावरून होत असत. त्याच्यापुढे तीन परंपरा होत्या: सौरपक्ष, आर्यपक्ष आणि ब्राह्मपक्ष. तिघांचे गणित थोडेथोडे निराळे येई आणि आकाश तिघांपैकी कोणाशीच पुरते जुळत नसे. सामान्य पंडिताने एक पक्ष धरला असता आणि उरलेल्या दोघांशी वाद घातला असता. गणेशाने तसे केले नाही. त्याने सूर्य सौरपक्षाचा घेतला, चंद्रही त्याच पक्षाचा, पण नऊ कला उणा करून, गुरू आर्यपक्षाचा, शनी आर्यपक्षाचाच, पण पाच अंश वाढवून, बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे, आणि शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य या दोहोंच्या मध्ये. कसोटी एकच, दृक्प्रत्यय. म्हणजे डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी मेळ. कोणता साक्षीदार कोणत्या बाबतीत विश्वसनीय, कोणाच्या बोलण्यातून किती वजा करावयाचे किंवा त्यात किती मिळवावयाचे, आणि कोठे दोघांच्या मधले सत्य घ्यावयाचे, या तिन्ही युक्त्या येथे आहेत. आजचा यंत्रज्ञ याहून निराळे तत्त्व वापरीत नाही. तो फक्त ते एका सेकंदात शेकडो वेळा वापरतो.

युरोपात याच विचाराला गणिताचे रूप आले ते एका हरवलेल्या ग्रहामुळे. १८०१ च्या पहिल्याच दिवशी पियाझ्झी या ज्योतिर्विदाला सेरेस हा लहान ग्रह दिसला आणि थोड्याच आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात लोपला. हाताशी होते ते थोडेसे आणि सदोष वेध. तरुण गाउसने त्यांवरून ग्रहाचा मार्ग काढला आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा सापडला. चुकांच्या वर्गांची बेरीज किमान व्हावी, ही ती रीत. ती लझांद्रने १८०५ साली छापली, गाउसने १८०९ साली. जो वेध अधिक काटेकोर त्याला अधिक वजन आणि जो ढिला त्याला कमी, हा तिचा व्यावहारिक अर्थ.

आता हा इतिहास पुन्हा आपल्या दाराशी येतो. नागपुरापलीकडे वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट हे गाव आहे. कापसाचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. तेथे २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्टन या मोजणीदाराने देह ठेवला, आणि तेथेच त्याला पुरले. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने दक्षिणोत्तर मोजणीचे काम आरंभिले होते. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. तेव्हा लॅम्टनने कित्येक आठवडे बसून ते स्वतःच्या हातांनी पुन्हा गोल केले. हैदराबादेहून नागपूरकडे येताना, वीस वर्षांच्या श्रमानंतर, हिंगणघाटास त्याचा अंत झाला. ते काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

या मोजणीत जागा ठरविण्याचे दोन मार्ग होते. एक त्रिकोणांच्या साखळीचा, जमिनीवरून जाणारा. दुसरा ताऱ्यांच्या वेधाचा. दोन स्वतंत्र साक्षीदार. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कल्याणा या दोन स्थानांमधले अंतर दोन्ही मार्गांनी काढले, तेव्हा त्यांत ५.२३६ विकलांचा फरक आला. जमिनीवर हा फरक सुमारे एकशे साठ मीटर होतो. सहाशे किलोमीटरांत एकशे साठ मीटर म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. एव्हरेस्टनेही ती मोजणीत साचत गेलेली चूक मानली आणि साऱ्या साखळीवर वाटून टाकली.

पण कलकत्त्याचा एक धर्माधिकारी, प्रॅट, याला हे पटेना. त्याचे म्हणणे असे की, ही चूक माणसाची नव्हे. ताऱ्यांचा वेध घेताना ‘खाली’ कोठे हे ओळंबा सांगतो. आणि हिमालयासारखा प्रचंड पर्वत जवळ असेल तर तो ओळंब्यालाच आपल्याकडे ओढील. त्याने हिशेब केला तो भलताच निघाला. हिमालयाच्या वजनाने फरक सुमारे १५.९ विकला यावयास हवा होता. आला होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. मग १८५५ साली एअरी या ज्योतिर्विदाने उत्तर सुचविले: पर्वतांना खाली हलक्या खडकांची खोल मुळे असली पाहिजेत, म्हणून त्यांचे ओढणे कमी पडते. भूकवचाच्या समतोलाचा सिद्धांत येथून निघाला. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत तेव्हा एकाने तो फरक वाटून टाकला, दुसऱ्याने त्याचे कारण विचारले. आणि कारण विचारणाऱ्याच्या हाती पृथ्वीच्या पोटातले एक गुपित आले.

आमच्या मते या प्रकरणात आजच्या ड्रोनच्या विश्वासार्हतेचा अर्धा धडा सामावलेला आहे. चुका दोन जातींच्या असतात. एक जात स्वैर: कधी इकडे, कधी तिकडे; पुष्कळ मापे घेतली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. दुसरी जात पक्षपाती: दर वेळी एकाच बाजूला ओढणारी. हजार मापे घ्या, ओळंबा हजार वेळा हिमालयाकडेच झुकेल. सरासरीने पहिली जात मरते, दुसरी मरत नाही. दुसरीला ओळखावे लागते.

ज्या १९६० साली आपले महाराष्ट्र राज्य झाले, त्याच साली रुडॉल्फ कालमन या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. आज जगातले बहुतेक प्रत्येक विमान, क्षेपणास्त्र आणि ड्रोन या निबंधाच्या आधारे वाट काढते. अमेरिकेतील एम्स संशोधन केंद्रातल्या स्टॅन्ली श्मिट याने त्याचे महत्त्व ओळखले आणि चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेसाठी ती रीत वापरात आणली. तिचे मर्म साध्या हिशेबाने सांगता येते. ड्रोनने आपल्या चालीवरून अंदाज केला की आपण १०० मीटरांवर आहोत, आणि या अंदाजात ३ मीटर इकडेतिकडे होऊ शकते. उपग्रह म्हणतो १०५. त्याच्या बोलण्यात ४ मीटर इकडेतिकडे होऊ शकते. कोणाचे ऐकावे? दोघांचेही, पण ज्याची त्याची लायकी पाहून. हिशेबाने उत्तर येते १०१.८, आणि या उत्तरातली अनिश्चितता उरते २.४ मीटर. तीन आणि चार मिळून दोन पूर्णांक चार! दोन अपुऱ्या साक्षींतून दोघांहूनही चांगली साक्ष निघाली. मग हेच उत्तर पुढच्या क्षणाचा अंदाज करण्यास घ्यावयाचे, पुन्हा वेध, पुन्हा दुरुस्ती. गणेश दैवज्ञाचा दृक्प्रत्यय आणि गाउसचे वजन, दोन्ही येथे अखंड चालू असतात.

समजा, उपग्रह एकदम म्हणाला की तू १५० वर आहेस. वरील दोन अनिश्चितता मिळून दोघांत साधारण ५ मीटर फरक पडणे स्वाभाविक आहे. येथे तर ५० पडला, म्हणजे अपेक्षेच्या दसपट. शहाणा न्यायाधीश अशी साक्ष बाजूला ठेवतो. फरक अपेक्षेच्या मानाने किती मोठा, हे मोजण्याची जी फूटपट्टी आज यंत्रांत वापरतात ती आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली दिली. मनुष्यसमूहांच्या शरीरमापांची तुलना करताना त्यांना ती सुचली होती. आज ती ड्रोनच्या पोटात बसून खोट्या साक्षी ओळखते.

पण येथे एक धोका आहे. यंत्राचा स्वतःवरचा विश्वास फाजील वाढला, तर त्याला प्रत्येक विरोधी साक्ष खोटीच वाटू लागते. मग ते एकेकाला बाहेर काढते आणि आपल्याच चुकीच्या अंदाजावर ठाम राहून भलतीकडे जाते. हट्टी माणसाचे जे होते तेच हट्टी यंत्राचे. म्हणून बाहेर काढलेल्या साक्षीची नोंद ठेवणे, आणि ती वारंवार तेच सांगत असेल तर आपलाच अंदाज तपासणे, हेही त्याला शिकवावे लागते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. तीन आणि चार मिळून २.४ होतात ते दोन्ही साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. आपल्या भारताचा उपग्रह आयआरएनएसएस-१ए जुलै २०१३ मध्ये सोडला गेला. त्यात वेळ सांगणारी तीन रुबिडियम घड्याळे होती. एक बिघडले तर दुसरे, दुसरे गेले तर तिसरे, अशी योजना. पण तिन्ही एकाच परदेशी बनावटीची होती, आणि तिन्ही बंद पडली. संख्या तीन होती, साक्ष मात्र एकच. हा धडा घेऊन आपल्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी घड्याळ बनविले आणि ते २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात बसविले. याच्या उलट प्रकार बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स विमानाचा. विमानाचा हवेशी होणारा कोन सांगणारे दोन मापक त्याच्यावर होते. पण नाक खाली दाबणारी नवी यंत्रणा त्यांपैकी एकाचेच ऐकत असे. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमाने पडली आणि ३४६ माणसे गेली. दुसरा साक्षीदार कोर्टात हजर होता. त्याला कोणी विचारले नाही.

आता हे सारे आपल्या जिल्ह्याच्या आकाशात आणून पाहू. आषाढात रोवणीच्या वेळी धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. खाली पाहणारा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा सरकताना पाहून आपली गती ठरवितो. पण बांधीतल्या पाण्यात त्याला खुणेऐवजी ढगांचे प्रतिबिंब दिसते. गोसीखुर्दच्या जलाशयावर आणि आपल्या मामा तलावांवर हीच अडचण. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींवर लोखंडी यंत्रे, रूळ आणि विजेच्या तारा यांच्या सान्निध्यात होकायंत्र भरकटू शकते. कोका अभयारण्याच्या दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत तुटतो किंवा खोडांवर आपटून वाकड्या वाटेने येतो. शिवाय आपण अशा अक्षांशात राहतो की सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरात खळबळ होते आणि उपग्रहांचे संकेत कधी कधी चुळबुळू लागतात. युरोपातल्या थंड मैदानावर उत्तम चाललेले यंत्र येथे आणून सोडले की ते तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक साक्षीदार कोठे आणि केव्हा फितूर होतो, हे त्या त्या भूमीवरच शिकावे लागते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, हे श्रोत्यांच्या स्मरणात असेल. अशा वेळी छपरावर अडकलेल्या माणसाला शोधण्यासाठी ड्रोन पाठवावा असे कोणालाही वाटेल. पण पुरात काय होते? रस्ते, बांध, विहिरी या खुणा बुडतात. पावसाळी हवेने दाब बदलतो. वारा यंत्राला ढकलतो. म्हणजे ज्या घटकेला गरज सर्वांत मोठी, त्याच घटकेला साक्षीदार सर्वांत दुबळे. विश्वासार्हता म्हणजे स्वच्छ दिवशी बिनचूक उडणे नव्हे. चार साक्षीदार गप्प झाले असता उरलेल्या दोघांवर यंत्र कसे वागते, आणि काहीच भरवशाचे उरले नाही तर ते प्रामाणिकपणे परत फिरते की नाही, यावर ती ठरते.

गावठाणाच्या मोजणीत या विद्येला एक आधार दिलेला आहे. जमिनीवर कायमची बसविलेली आणि स्वतःची जागा पक्की ठाऊक असलेली केंद्रे उपग्रहांचे संकेत सतत ऐकतात. त्यांना आपली जागा ठाऊक असल्यामुळे संकेत किती खोटे बोलत आहे, हे लगेच कळते आणि ती चूक ड्रोनच्या हिशेबातून वजा करता येते. गणेश दैवज्ञाने चंद्रातून नऊ कला वजा केल्या, त्याच जातीचे हे काम. लॅम्टनच्या डोंगरमाथ्यावरच्या खुणांचे हे आजचे वंशजच म्हणावयाचे.

तरीही शेवटची साक्ष यंत्राची नसते. नकाशा तयार झाल्यावर त्याची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी होते, चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात, आणि मगच मिळकत पत्रिका हाती येते. छायाचित्रात छपराची कड दिसते; छपराखालची भिंत तिच्यापेक्षा हातभर आत असते, हे वरून समजत नाही. चुन्याची रेघ शेजाऱ्याच्या संमतीने पडली की रात्रीतून सरकली, हेही यंत्राला कळावयाचे नाही. ते गावाला कळते. म्हणून अशी मोजणी जेथे जेथे होईल तेथे घरधन्याने आणि घरधनिणीने चौकशीच्या दिवशी हजर राहावे, नकाशा हाती घेऊन आपली भिंत स्वतः मोजावी, आणि फरक आढळला तर तो मुदतीत लेखी कळवावा. एवढ्या साक्षी घेऊन जो नकाशा तयार झाला, त्यात गावाचीही साक्ष पडलीच पाहिजे.